प्रतिपिंड

कोरोनाच्या साथीपासून ‘अँटीबॉडी’ हा शब्द या सदराच्या लेखकाच्या कानावर सतत पडतो. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘प्रतिपिंड’ म्हणतात.

मूळ शब्द जर्मन. पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये ‘अँटीक्यॉर्पर’ वापरला. ‘क्यॉर्पर’ लॅटिन ‘कॉर्पस’वरून आलेला, अर्थ देह, पण जर्मन रसायनशास्त्रात पदार्थसुद्धा. इंग्रजीने त्याचं ‘बॉडी’ केलं, मराठीने ‘पिंड’. आपला पिंडही ऐसपैस आहे: गोळा, देह आणि ‘त्याचा पिंडच कवीचा’ म्हणताना स्वभाव.

एर्लिख यांच्या काळी प्रतिपिंड म्हणजे विषाला निष्प्रभ करणारा रक्तातला घटक. १९७५ मध्ये केंब्रिजला केलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची रीत शोधली. मग प्रतिपिंड संरक्षणाबरोबर शोधकामालाही लागलं.

‘डीओ-७’ घ्या. उंदराच्या पेशींपासून मिळवलेलं हे प्रतिपिंड गाठी रोखणाऱ्या पी५३ प्रथिनाला नेमकं चिकटतं. १९७९ मध्ये सापडलेलं हे प्रथिन आधी कर्करोगाला हातभार लावणारं मानलं गेलं. १९८९ च्या सुमारास ते रक्षक ठरलं. त्याचं जनुक बिघडलं की प्रथिन बहुधा पेशीकेंद्रकात साचतं आणि काचपट्टीवरच्या ऊतीत प्रतिपिंड चिकटलेल्या जागी गडद तपकिरी रंग उमटतो. रंग अजिबात न उमटणं हीही बिघाडाची खूण असू शकते.

असं प्रतिपिंड वापरलं की प्रयोगशाळेत मराठी माणसंही ‘मार्कर लावला’ म्हणतात. ‘प्रतिपिंड’ पुस्तकांत आणि वृत्तपत्रांत नपुंसकलिंगी नांदतं, तर बोलण्यात ‘अँटीबॉडी तयार झाली’ असा स्त्रीलिंगी प्रयोग रुळला आहे.