नामदेवांना मागे कोणी पाठवले? : साथकाळातील निर्बंध आणि न्यायाचे माप

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आषाढीला पंढरपूर गाठून आलेले वारकरी त्यानंतरच्या वद्य एकादशीला नरसीला येतात. ह्या भेटीला परतवारी म्हणतात. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे परतवारीच्या दिवशी राज्यातील सगळीच प्रार्थनास्थळे भाविकांना बंद होती, आणि नरसीचे देऊळही त्याला अपवाद नव्हते. हे बंद दार न्याय्य होते का, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. तो विचारताना नामदेवांचीच एक आख्यायिका आम्हांला उपयोगी वाटते.

नरसी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. तेथे देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूला जाण्यास फर्मावले. नामदेव मागे गेले आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर उभे राहिले, अशी कथा आहे. नंदी देवळाच्या मागे आहे ही त्याचीच खूण, असे आजही सांगतात. वर्गात ही कथा आपण बहुधा भक्तीच्या सामर्थ्याची म्हणून शिकवतो. साथीच्या काळात ह्या जातीच्या कथांतून एक सोयीचा बोध काढला गेला : देव भक्ताकडे येतो, तेव्हा घरीच थांबा. बोध चुकीचा नाही. पण कथेत देऊळ फिरते ते एका हुकमानंतर. तो हुकूम कोणी दिला, आणि समोर बसलेल्या इतरांना सोडून नामदेवांनाच का दिला, हा प्रश्न कथेच्या पोटात आहे. आपण तो सहसा विचारत नाही.

साथ आणि यात्रा ह्यांचा संबंध जुना आहे. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत पटकीच्या प्रसाराचा विचार करताना हजयात्रेवर आणि हिंदुस्थानातील तीर्थयात्रांवर बोट ठेवले गेले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या निमित्ताने साथरोग कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाण्यास मनाई झाली. पुण्यात रँडच्या कारभारात सोजीर घरात, अगदी देवघरापर्यंत शिरतात ही तक्रार घरोघरी होती. २२ जून १८९७ च्या रात्री रँड गणेशखिंडीतून परतत होता तो राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून. तोवर पुण्यातील साथ ओसरली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही नुकत्याच झडत्या सोसलेल्या शहराला तो समारंभ कसा दिसला असेल, हे समजणे कठीण नाही. निर्बंधाचे दुःख त्याच्या कठोरपणात असतेच. पण निर्बंध घालणाऱ्याचा स्वतःचा उत्सव चालू असेल तर ते अनेक पटींनी वाढते.

हाच १८९७ चा कायदा महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये पुन्हा हाती घेतला. आषाढी त्या वर्षी १ जुलैला होती. मानाच्या नऊ पालख्यांतील पादुका प्रत्येकी वीस जणांसह एसटीने पंढरपुरास गेल्या. पायी वारी झाली नाही. ह्या निर्णयाविषयी आमच्या मनात शंका नाही. लाखोंचा समुदाय सुमारे तीन आठवडे गावोगावी मुक्काम करीत चालतो, एकत्र जेवतो, एकत्र झोपतो. लस नसलेल्या त्या काळात वारी चालू ठेवणे म्हणजे वाटेवरच्या खेड्यांवर आजार सोडणे होते, आणि त्या खेड्यांना त्याविषयी कोणी विचारणारही नव्हते. बहुसंख्य वारकऱ्यांनी हे न सांगता ओळखले. वारी हा ज्यांचा नेम, त्यांनी नेम मोडण्याचे दुःख पत्करले. ह्या त्यागाची नोंद आपल्या वाङ्मयात अजून पुरेशी झालेली नाही.

मात्र वारी थांबवणे आणि गावातले देऊळ बंद ठेवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राने ८ जून २०२० पासून प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील प्रार्थनास्थळे उघडण्यास मुभा दिली होती. राज्याने ती अमलात आणली नाही. अधिक सावध राहण्याचा राज्याला अधिकार होता. पण पुढे ऑगस्टमध्ये मॉल उघडले, लग्नाला पन्नास माणसे चालत होती, ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने उपाहारगृहे व बार सुरू झाले. देवळे, मशिदी, चर्च उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. मधल्या सहा आठवड्यांचे समर्थन कोणत्या मापाने करायचे? बंद खोलीत मुखपट्टी काढून तासभर बसणे आणि रांगेत उभे राहून दोन क्षण दर्शन घेणे, ह्यांत धोका कशात अधिक, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ह्यावर उत्तर दिले जाई ते पोटापाण्याचे. उपाहारगृहात काम करणाऱ्यांचा संसार आहे, हे खरेच. पण बुक्का, चुरमुरे, तुळशीच्या माळा विकणारे, मृदंगाला शाई चढवणारे, सप्ताहांवर वर्षाची बेगमी करणारे कीर्तनकार ह्यांचाही संसार आहे. एकाची कमाई अर्थव्यवस्था ठरली आणि दुसऱ्याची केवळ श्रद्धा. ऑगस्ट २०२० मध्ये पर्युषणासाठी मुंबईतील तीन जैन मंदिरे मर्यादित संख्येत उघडण्यास अनुमती देताना सरन्यायाधीश बोबडे ह्यांनी आर्थिक हितसंबंध असले की परवानगी मिळते आणि धर्माचा प्रश्न आला की साथ आठवते, अशा आशयाचा शेरा मारला होता. त्याच न्यायालयाने काही दिवसांनी देशभर मोहरमच्या मिरवणुकांना परवानगी नाकारली. ह्या दोहोंत आम्हांला विसंगती दिसत नाही. ठरावीक जागी मोजकी माणसे आणि देशभरच्या मिरवणुका ह्यांतील धोका निराळा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कमधील प्रार्थनास्थळांवरची दहा व पंचवीस माणसांची मर्यादा स्थगित केली, ती इतर व्यवसायांशी तुलना करूनच.

आपली राज्यघटना ह्या बाबतीत स्पष्ट आहे. पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्मस्वातंत्र्य आरंभीच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या अधीन ठेवले आहे. म्हणजे आरोग्यासाठी धर्माचरणाला मर्यादा घालणे घटनाबाह्य नाही. पण चौदावा अनुच्छेद समानतेचा आहे. मर्यादा घाला, परंतु सारख्या धोक्याला सारखी घाला, असा ह्या दोहोंचा एकत्रित अर्थ आम्ही लावतो.

ह्या अर्थाला सर्वांत मोठा तडा गेला तो खुद्द पंढरपुरात. एप्रिल २०२१ च्या आरंभी दुसऱ्या लाटेमुळे विठ्ठलमंदिर पुन्हा बंद झाले, आणि १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. ही जागा रिक्त झाली होती ती आमदार भारत भालके ह्यांच्या निधनाने, आणि ते निधन करोनातून उठल्यानंतरच्या गुंतागुंतीने झाले होते. तरी सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या राज्यपातळीवरील नेत्यांच्या सभा तेथे झाल्या. तीन महिन्यांनी, २० जुलैच्या आषाढीला, त्याच नगरीत वारकऱ्याला प्रवेश नव्हता. दहा मानाच्या पालख्या, प्रत्येकी चाळीस माणसे, एवढीच मुभा होती. सर्व २५० नोंदणीकृत पालख्यांना परवानगी मिळावी म्हणून संत नामदेव महाराज संस्थानाने सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका आषाढीच्या तोंडावर फेटाळली गेली. आरोग्याच्या दृष्टीने तो निकाल योग्यच म्हणावा लागेल. पण सभेला चाललेली गर्दी दिंडीला का चालत नाही, ह्या साध्या प्रश्नाला शासनाकडे उत्तर नव्हते. उत्तर नसले की योग्य निर्णयही अन्यायासारखा दिसतो.

न्यायाचे हे माप आपल्याच बाजूने वापरायचे नसते. मार्च २०२० मध्ये दिल्लीतील तबलिगी मेळाव्याला साथीचा कर्ता ठरवण्यात आले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट चढत असताना हरिद्वारचा कुंभमेळा भरला. वारी थांबली म्हणून हळहळणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ह्या दोन मेळाव्यांना एकच गज लावला?

म्हणून औंढ्याच्या कथेकडे आम्ही पुन्हा येतो. देव सर्वत्र आहे, घरी बसूनही भेटतो, हे भक्ताने स्वतःला सांगायचे असते; त्याला मागे पाठवणाऱ्याने त्याला ते सांगायचे नसते. सत्तेने सांगायचे ते कारण : धोका किती, मुदत किती, आणि हाच नियम आणखी कोणाकोणाला लागू आहे. ज्या दिवशी नियम देवळाला, बारला आणि प्रचारसभेला एकाच वहीत लिहिला जाईल, त्या दिवशी नामदेव आपण होऊन मागे जाऊन बसतील. २०२० च्या आषाढीला लाखो वारकरी तसेच बसले होते. त्यांच्या संयमाचे मोल पुढच्या साथीत तरी ह्या वहीने केले जावे.