अडचणीतल्या धर्मगुरूंसाठी मदतनिधी : १९४७ ची मोहीम आणि तिचे धडे

प्रस्तावना

जबलपूरच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या जडणघडणीत नॉर्बर्टाईन संघाचा मोठा वाटा आहे. संत नॉर्बर्ट यांनी १२ व्या शतकात फ्रान्समधील प्रेमोंत्रे येथे स्थापन केलेला हा पांढऱ्या झग्यातल्या व्रतस्थांचा संघ. त्याच्या नेदरलँड्समधील बेर्न मठाचे धर्मगुरू जबलपूर परिसरात कामाला आले. १९३२ मध्ये येथे प्रीफेक्चर म्हणजे प्राथमिक स्वरूपाचा धर्मविभाग स्थापन झाला आणि १९५४ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पहिले बिशप कॉनराड डुबेलमन याच संघाचे होते. जबलपूरजवळ जमतरा येथे संघाचा मठ आजही आहे.

या संघाने शाळा चालवल्या, आजाऱ्यांची सेवा केली, हे आपल्याला माहीत असते. पण इतरांना आधार देणारा धर्मगुरू स्वतः कोसळला, तर त्याला आधार कोण देतो? या प्रश्नाचे विसाव्या शतकातील एक मोठे उत्तर याच संघाच्या बेल्जियममधील एका धर्मगुरूने दिले. या पाठात तो इतिहास पाहू.

धर्मगुरूची आर्थिक स्थिती

कॅथलिक धर्मगुरू दोन प्रकारचे असतात. धर्मप्रांतीय धर्मगुरू बिशपच्या अधिकाराखाली काम करतात आणि त्यांना स्वतःची मालमत्ता ठेवता येते. नॉर्बर्टाईन किंवा जेज्विट यांसारखे व्रतस्थ धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेतात. त्यांनी मिळवलेला पगार संघाकडे जातो. दोघेही अविवाहित असल्यामुळे आजारपणात किंवा म्हातारपणी पत्नी-मुलांचा आधार नसतो.

१९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेत याची दखल आहे. कलम २८१ नुसार आजारपण, अपंगत्व व वृद्धापकाळ यांत धर्मगुरूची सोय व्हायला हवी. कलम ७०२ नुसार संघ सोडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, मात्र संघाने त्याच्याशी न्यायाने व करुणेने वागावे. कलम १३५० त्याहून लक्षणीय आहे. धर्मगुरूला शिक्षा झाली तरी त्याच्या निर्वाहाची सोय तुटता कामा नये, आणि धर्मगुरुपदावरून काढलेला माणूस खरोखर गरजू असेल तर त्याचीही शक्य ती काळजी घ्यावी, असे ते सांगते. म्हणजेच या कायद्याने दोष आणि गरज या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. मात्र कागदावरचे कर्तव्य पार पाडायला पैसा लागतो. तो कोठून येतो, हे पुढील उदाहरणात दिसते.

१९४७ : बेकनवाले पाद्री

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून १ कोटी २० लाखांहून अधिक जर्मन भाषिकांना घरे सोडावी लागली. त्यांत लाखो कॅथलिक आणि त्यांचे धर्मगुरूही होते. ज्या भागांत ते येऊन पडले, त्यांतले अनेक प्रॉटेस्टंट होते. तेथे कॅथलिक चर्च जवळपास नव्हते. धर्मगुरू पाठीवर पिशवी टाकून गावोगाव पायी फिरत. त्यांना ‘रुकझाक पाद्री’ हे नाव पडले. खायला पुरेसे नाही, थंडीत धड कपडे नाहीत, आणि समोर घरदार गमावलेली माणसे. अनेक जण आजारी पडले, काही खचले.

बेल्जियममधील टाँगरलो मठातील वेरेनफ्रीड फान स्ट्रातेन यांनी १९४७ च्या नाताळात मठाच्या मासिकात एक लेख लिहिला. येशूच्या जन्मावेळी सराईत जागा मिळाली नव्हती, या प्रसंगाची आठवण देऊन त्यांनी या निर्वासितांसाठी मदत मागितली. ज्यांच्यासाठी मदत मागायची ते जर्मन होते, आणि जर्मन सैन्याचा ताबा जाऊन तीन-चार वर्षेच झाली होती. फ्लँडर्समधील शेतकरी बायांकडे रोख पैसा फारसा नव्हता, म्हणून त्यांनी घरातले बेकन मागितले. त्यावरून ‘बेकनवाले पाद्री’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १९४० मध्ये जर्मन सैनिकांनी ८० हून अधिक नागरिकांना ज्या फिंक्ट गावात ठार केले, तेथेही ते मदत मागायला गेले.

पुढे रुकझाक पाद्र्यांना सायकली, मोटारसायकली व मोटारी देण्यासाठी निधी जमवला गेला. आज ‘एड टू द चर्च इन नीड’ या नावाने ओळखली जाणारी संस्था या कामातूनच उभी राहिली. २०११ मध्ये तिला पोपच्या अधिकाराखालील प्रतिष्ठानाचा दर्जा मिळाला.

यशाची कारणे दोन. एक, मागणी ठोस होती : खाणे, कपडे, वाहन. दुसरे, मदत घेणारा आपल्या बाजूचा आहे का, हे विचारले गेले नाही. त्याला गरज आहे का, एवढेच पाहिले गेले.

दुसरी बाजू

हा इतिहास निव्वळ गौरवाचा नाही. फान स्ट्रातेन २००३ मध्ये वारले. १९७३ मध्ये त्यांनी एका तरुण कर्मचारी स्त्रीवर लैंगिक अतिप्रसंगाचा प्रयत्न केल्याचा आरोप २०२१ मध्ये जर्मन वृत्तपत्रातून पुढे आला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात आरोप झालेल्या धर्मगुरूंना मदत करणाऱ्या एका संस्थेची सरकारी चौकशी झाली. दात्यांची दिशाभूल व निधीचा गैरवापर यांवरून ती बंद करावी लागली.

आरोपी धर्मगुरूला वकील, उपचार किंवा जेवण मिळणे यात गैर काही नाही. पण त्याच्या नावाने जमवलेल्या पैशाचा हिशेब लपवला, किंवा तक्रार करणाऱ्या पीडिताला गप्प करण्यासाठी तो वापरला, तर ती करुणा उरत नाही. संस्थापकाच्या नावावर विश्वास असणे हा हिशेबाला पर्याय नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण

जेज्विट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली. वय ८३, पार्किन्सनचा आजार. हात थरथरत असल्याने तळोजा तुरुंगात त्यांनी पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. ही मागणी न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा अनेक नागरिकांनी त्यांच्यासाठी सिपर पाठवण्याची मोहीम सुरू केली. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत खटला सुरूही झाला नव्हता. आरोप खरे की खोटे, यावर मतभेद होते आणि आहेत. पण थरथरत्या हाताला सिपर हवा, हे समजायला निकालाची गरज नव्हती. १९४७ मधल्या बेकनमागे हेच तत्त्व होते.

सारांश

अडचणीतल्या धर्मगुरूला मदत करणे म्हणजे त्याला निर्दोष ठरवणे नव्हे, आणि दोषी माणसाचीही भूक खरी असते. म्हणून मदत ठोस गरजेसाठी असावी, तिचा हिशेब खुला असावा आणि ती पीडिताच्या न्यायाच्या आड येऊ नये. हे तत्त्व पुजारी, मौलवी, शिक्षक, डॉक्टर अशा प्रत्येक आधार देणाऱ्या माणसाला लागू पडते.

विचारासाठी प्रश्न

१. व्रतस्थ आणि धर्मप्रांतीय धर्मगुरूंच्या आर्थिक स्थितीत कोणता फरक आहे?
२. १९४७ ची मोहीम यशस्वी का झाली? दोन कारणे लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या मदतनिधीचा हिशेब दात्यांना पाहायला मिळतो का? शोध घ्या आणि टिपण लिहा.