नागपूरच्या अधिवेशनात नेहरूंना विरोध करणारे चौधरी

आज चौधरी चरणसिंग. पंतप्रधानपदाचे त्यांचे साडेपाच महिने आपण बाजूला ठेवू. त्यावर पुष्कळ बोललं गेलंय. मला त्यांची उत्तर प्रदेशातली कारकीर्द मोठी वाटते.

जन्म १९०२चा, मेरठकडच्या नूरपूर गावातला. वडील दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ. मुलगा वकील झाला, १९३७ साली आमदार झाला. पण कुळाच्या घरातली धास्ती तो विसरला नाही.

१ जुलै १९५२ रोजी तिथे जमीनदारी संपली. त्या कायद्याच्या घडणीत चरणसिंगांचा मोठा हात होता. (आपल्याकडचा कूळकायद्याचा कृषक दिन १ एप्रिल १९५७चा, हे लक्षात घ्या.) वार्षिक खंडाच्या दहापट रक्कम भरली की कूळ 'भूमिधर' व्हायचं, म्हणजे जमीन विकण्याचाही हक्क मिळायचा. न भरणारा 'सिरदार'. त्याला जमीन कसता येई, विकता येत नसे.

पण कायदा कागदावर, आणि कागद पटवाऱ्याच्या हातात. पटवारी म्हणजे आपला तलाठी. वहिवाट कुणाच्या नावावर लिहायची, हे तोच ठरवणार. १९५३ साली हजारो पटवाऱ्यांनी एकदम राजीनामे दिले. सरकार नमेल असा हिशेब होता. महसूलमंत्री चरणसिंगांनी ते राजीनामे मंजूरच करून टाकले! 'लेखपाल' नावाचं नवं पद काढून भरती केली. माणूस हट्टी होता, यात शंका नाही.

तोच हट्ट जानेवारी १९५९मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात दिसला. नेहरूंना संयुक्त सहकारी शेती हवी होती. चरणसिंग उठले आणि उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की बांध मोडला की मालक मजूर होतो. शिवाय छोट्या शेतात एकरी उत्पन्न जास्त निघतं. ठराव मंजूर झाला, पण तशी शेती देशात कधी रुजली नाही. चरणसिंग मात्र त्याच वर्षी मंत्रिमंडळाबाहेर होते. १९६७मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली आणि ते उत्तर प्रदेशाचे पहिले बिगरकाँग्रेसी मुख्यमंत्री झाले.

आता माझी अडचण सांगतो. कुळाला मालक करणाऱ्या या राजकारणात, ज्याच्याकडे कसायला कुळाची जमीनही नव्हती, त्याला काय मिळालं? असा शेतमजूर बहुतेक दलित होता. भूमिधर नाही, सिरदार नाही. १९५२नंतरही तो दुसऱ्याच्याच शेतात राबत होता. फक्त आता मालक जमीनदाराऐवजी कालचं कूळ होतं.