मेस्कॅलिन
काही निवडुंगांतील भ्रमकारी अल्कलॉइड. मुख्य स्रोत मेक्सिको व टेक्सासमधील पेयोटे आणि अँडीज पर्वतातील सान पेद्रो. मेक्सिकोतील हुइचोल लोक पेयोटे धार्मिक विधींत वापरतात. आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून पेयोटेचा परिणाम मेस्कॅलिनमुळे होतो हे दाखवले. १९१९ मध्ये अर्न्स्ट श्पेट यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. मेस्कॅलिनमुळे होणाऱ्या रंगदर्शनाच्या रसभरीत वर्णनांत त्यासोबतची मळमळ व उलट्या बहुधा झाकल्या जातात. महाराष्ट्रातील फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच, पण पेयोटेसारखा भ्रमकारी नाही. त्रिधारी निवडुंग तर नावापुरताच निवडुंग, तो एरंड कुळातला. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार मेस्कॅलिन बनवणे, बाळगणे व विकणे गुन्हा आहे.