आबांची काठी, औट्रमचा घाट आणि न आलेली रेल्वे

परवा कन्नडहून मामांचा फोन आला. तब्येती, कपाशी आणि पाऊस अशी नेहमीची चौकशी झाल्यावर म्हणाले, "आपल्याकडे रेल्वे येनार म्हनं! घाटातून बोगदा पाडनार!" ही बातमी मी लहानपणापासून ऐकतो आहे. निवडणूक जवळ आली की आमची रेल्वे येते आणि निकाल लागला की जाते. पण या वेळी फोन ठेवल्यावर मला आनंद होण्याऐवजी आबा आठवले.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. कन्नड वर, पठारावर. सातमाळ्याच्या कड्यावरून घाट उतरला की खाली खानदेश आणि चाळीसगाव जंक्शन. आम्ही मुंबईला जायचो ते एस.टी.ने घाट उतरून, चाळीसगावला गाडी पकडून. १९४८ पर्यंत वर निजामाचं राज्य होतं आणि खाली १९४७ पर्यंत इंग्रजांचं. मध्ये जंगल. त्याला वरचं-खालचं काही कळत नव्हतं.

घाटाचं नाव औट्रम घाट. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार खानदेशातल्या भिल्लांसाठी एजन्सी निघाल्या. त्यातल्या दक्षिणेकडच्या एजन्सीचं ठाणं आमच्या कन्नडला होतं आणि तिथे ओव्हन्स नावाचा अधिकारी होता. भिल्लांना गायरान, बी-बियाणं, तगाई देऊन शेतीला लावायचं हे त्याचं काम. औट्रमचं काम वेगळं होतं. त्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. ज्यांच्यावर आदल्या वर्षी गोळ्या झाडल्या त्यांना पलटणीत आणायचं कसं? तर शिकारीतून. तो त्यांच्याबरोबर रानात राहायचा, वाघ मारायचा.

किती मारले? त्याच्या चरित्रात हिशेब दिला आहे. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले, शिवाय २२ जखमी केले. अस्वलं २५, बिबटे १६. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा चुकीचा वाटला म्हणून पुन्हा वाचलं. नऊ-दहा वर्षांत एका खानदेशात २३५! आज अख्ख्या सातमाळ्यात एक वाघ दिसला तर पेपरात फोटो येतो. आणि घाटाला नाव त्याचंच, अभयारण्यालाही त्याचंच... गौताळा औट्रमघाट अभयारण्य. असो.

आता आबा. म्हणजे आईचे वडील. त्यांची एकच गोष्ट आम्ही भावंडांनी शंभर वेळा ऐकली. दुसरं महायुद्ध लागलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हैदराबादहून कोणी बडा अंमलदार शिकारीला आला होता. आबा बारा-तेरा वर्षांचे. गावातली माणसं हाक्याला धरून नेलेली.

शिकारीसाठी रान कसं लावतात ते आबांकडूनच कळलं. आधी पाणवठे बघायचे. उन्हाळ्यात एक-दोनच उरतात, म्हणजे जनावर कुठे असणार ते ठरलंच. नाल्याच्या तोंडाशी मचाण. दुसऱ्या टोकाला डफ, डबे, फटाके घेऊन हाकारे. पण खरी गंमत बाजूंची. वाघ सरळ थोडाच जातो? म्हणून दोन्ही अंगांना ठरावीक अंतरावर झाडांवर पोरं बसवायची, हातात एक काठी देऊन. ओरडायचं नाही. वाघ त्या बाजूला वळला की काठी खोडावर हलकी आपटायची. ठक. एवढंच. वाघ अंगावर येत नाही, चिडत नाही, नुसता दिशा बदलतो. असं करत करत तो मचाणापुढे जातो.

आबा अशाच एका झाडावर होते. वाघ त्यांच्याच बाजूला आला. थांबला, वर बघितलं. आबांनी काठी आपटली. वाघ वळला. थोड्या वेळाने बार ऐकू आला. मजुरी दोन आणे हाली.

लहानपणी आम्हाला ही शौर्यकथा वाटायची. आबा मात्र शेवटी दरवेळी तेच म्हणायचे, "काठी नसती आपटली तं गेला असता." मग पानाचा डबा ओढायचे.

मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात कॅमेऱ्यात वाघ सापडला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला. बातमीत लिहिलं होतं की गौताळ्यात १९४० नंतर पहिल्यांदाच वाघ दिसला. १९४०! आबांच्या गोष्टीचा उन्हाळा तोच. तो वाघ शेवटचा होता असं मी म्हणत नाही. त्यानंतरही कोणी चोरून मारले असतील. पण आकडा वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. आबा तोपर्यंत हयात नव्हते, हे बरंच झालं म्हणायचं.

त्या दिवशी मी नकाशा काढून बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली, जी आयुष्यभर रेल्वे नाही म्हणून रडणाऱ्या आम्हा कन्नडकरांच्या कधी लक्षात आली नव्हती. मनमाडवर पेन्सिल ठेवा. चाळीसगावमार्गे भुसावळ, तिथून अकोला. हा १८६० च्या दशकातला मार्ग. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, पूर्णा. तिथून परभणी, जालना, संभाजीनगर आणि परत मनमाड. ही खालची बाजू निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास झाली आणि अकोला-हिंगोलीचा तुकडा सगळ्यात शेवटी, १९६० च्या आसपास. पेन्सिल न उचलता वर्तुळ पूर्ण! आमच्याकडे रेल्वे नाही हे खरं, पण आम्ही रेल्वेच्या कुंपणाच्या बरोबर आत आहोत. अजिंठ्याचे डोंगर आत, बुलढाण्याचं ज्ञानगंगा आत, गौताळाही आत.

म्हणजे टिपेश्वरहून निघालेल्या त्या वाघाने कुठेतरी रूळ ओलांडलेच. वरून असतील नाहीतर पुलाखालून. दुसरा रस्ताच नाही. २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोचलेला 'वॉकर' तोही तसाच आला. दोघांना जमलं. सगळ्यांना जमत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात बल्लारशा-गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. ते रूळ काही वाघाचा राग धरून टाकले नव्हते. आबांनी तरी कुठे राग धरला होता?

मग मला रेल्वे नको आहे का? तसं म्हणायची माझी हिंमत नाही. आजीला छातीत दुखायला लागलं त्या रात्री घाटात ट्रक उलटून रांग लागली होती. खालच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पहाट झाली आणि उशीरही झाला. मामा त्या रात्री जीपमध्ये होते. त्यांना "मामा, वाघासाठी रेल्वे नको" असं पुण्यात बसून सांगणारा मी कोण?

पण रूळ कुठून न्यायचे हे माणूसच ठरवतो. मेळघाटातली जुनी मीटरगेज लाईन वाघांच्या गाभ्यातून जायची. रुंदीकरणाच्या वेळी ती बाहेरून वळवायचं ठरलं. पेंचमध्ये महामार्गाखाली जनावरांसाठी वाटा ठेवल्या आणि वाघ त्यातून ये-जा करताना कॅमेऱ्यात दिसले. आमच्या घाटात बोगदा व्हायचाच असेल तर तो डोंगराच्या पोटातून खोल जावा. त्याची तोंडं पाणवठ्यांवर आणि नाल्यांवर उघडू नयेत. आबांचा पहिला धडाच तो, आधी पाणवठे बघा. त्यांनी तो मारण्यासाठी शिकला, आपण वाचवण्यासाठी वापरू.

मामांना उलट फोन करून हे सगळं सांगितलं. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आबाची ती काठी माळ्यावर हाय अजून. पुढल्या बारीला आला की ने."

आणणार आहे.