परळीची सुट्टी: रामोजी की इमॅजिका?

१/ परळी वैजनाथमधील एखादे कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन निघायचे ठरवते, तेव्हा दोन नावे हमखास पुढे येतात: हैदराबादची रामोजी फिल्म सिटी आणि खोपोलीजवळचे इमॅजिका. वाद तिकिटांवरून आणि पाळण्यांवरून होतो. पण त्या वादाचे अर्धे उत्तर निजामाच्या राजवटीतच लोहमार्गाच्या रुंदीने देऊन ठेवले आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ दोन्ही स्थळांचे मूळ चित्रपटव्यवसायात आहे. रामोजी राव यांनी १९९६ मध्ये हैदराबादबाहेर, विजयवाड्याच्या महामार्गालगत चित्रनगरी उभारली. जगातील सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. इमॅजिका २०१३ चे. त्याचे संस्थापक मनमोहन शेट्टी हे ‘अ‍ॅडलॅब्स’चे, म्हणजे फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेतून पुढे आलेले. दोन्हीकडे आवारातच मुक्कामाची हॉटेले आहेत.

३/ अशी उद्याने नेमकी कोठे उभी राहतात? वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँडसाठी जागा शोधण्याचे काम स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे सोपवले. निवड झाली ती अ‍ॅनाहाइममधील संत्र्यांच्या बागांची, कारण तेथून नवा मोटारमार्ग जाणार होता. १९५५ मध्ये उद्यान उघडले. इमॅजिकाही मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगतच आहे. त्याची आखणी या दोन शहरांतील मोटारवाल्या कुटुंबांसाठी झाली, हे उघड आहे. परळी त्या हिशेबात नव्हती.

४/ आता परळीचा हिशेब. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून जहीराबाद, बिदर, भालकी, उदगीर असा मार्ग परळीपर्यंत आणला, तोही ब्रॉडगेज. वैद्यनाथाचे यात्रेकरू आणि मराठवाड्याचा माल राजधानीकडे सरळ जावा, अशी ही वाट.

५/ मुंबई-पुण्याकडची स्थिती पाहा. परभणी–औरंगाबाद–मनमाड मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होता; मुंबईला जाणारा प्रवासी मनमाडला उतरे, बोचकी-वळकट्या सांभाळत फलाट बदले आणि दुसरी गाडी धरी. दक्षिणेकडे लातूरहून कुर्डुवाडीला जाणारी बार्शी लाईट रेल्वे तर नॅरोगेज, अवघी अडीच फूट रुंदीची! लेकरे आणि म्हातारी माणसे सोबत असलेल्या कुटुंबाने कोणती दिशा पसंत केली असेल, हे वेगळे सांगायला नको.

६/ १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कचेऱ्यांची दिशा बदलली. रुळांची बदलली नाही. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि परळी स्थानक आजही तिच्याच सिकंदराबाद विभागात आहे. राज्याची राजधानी एकीकडे, रेल्वेची दुसरीकडे. मराठवाड्याच्या मागासलेपणावर बोलताना सिंचनाची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण या रुळांकडे आपण फारच कमी पाहतो.

७/ मग जावे कोठे? आजी-आजोबा सोबत असतील तर माझे मत रामोजीला. बसमधून सेट पाहता येतात आणि गाडी न बदलता हैदराबाद गाठता येते. चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय त्याच फेरीत होतात. घरात केवळ पंधरा-सोळा वर्षांची पोरे असतील आणि त्यांना उलटेपालटे करणारा रोलर कोस्टरच हवा असेल, तर इमॅजिकाला तोड नाही. मात्र पुण्यापुढचा प्रवास धरून एक दिवस वाटेतच जातो, हे आधीच गृहीत धरावे.

८/ तिसरी वाट कित्येक वर्षे कागदावर होती: अहमदनगर–बीड–परळी, सुमारे २६१ किलोमीटर. १९९० च्या दशकात मंजूर झालेल्या या मार्गावर बीड–अहिल्यानगर गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. बीड ते परळी हा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता.