लिमाची सामुदायिक स्वयंपाकघरे
पेरूची राजधानी लिमा येथील गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभारलेली स्वयंपाकघरे. स्पॅनिशमध्ये ‘कोमेदोरेस पोपुलारेस’. शेजारणी एकत्र येऊन धान्य घाऊक घेत, पाळीपाळीने रांधत आणि स्वस्तात जेवण देत. ऑगस्ट १९९० मध्ये अल्बेर्तो फुहिमोरी यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला मानवणारे धोरण स्वीकारून अनुदाने आणि भावनियंत्रण एका झटक्यात काढले. पेट्रोल सुमारे तीसपट महागले, भाकरीचे भाव भडकले. अशा वेळी असंख्य कुटुंबांना या चुलींचा आधार मिळाला.

बायकांच्या फुकट राबण्याने सरकारची कपात झाकली गेली, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. भार त्यांच्यावरच पडला. पण त्या नुसत्या रांधत बसल्या नाहीत. डिसेंबर १९८४ मध्ये मोर्चा काढून वस्त्यांतल्या स्त्रियांनी मुलांसाठी रोज पेलाभर दुधाचा कायदा पदरात पाडून घेतला, १९९१ मध्ये स्वयंपाकघरांना सरकारी साहाय्य देणारा कायदाही. म्हणजे अन्न ही दया नसून सरकारची जबाबदारी आहे, हे त्यांनी कायद्यात उतरवले. स्त्रियांच्या या स्वतंत्र बळाचा धसका ‘शायनिंग पाथ’ या सशस्त्र बंडखोर संघटनेनेही घेतला: लिमातील विया एल साल्वादोर या वस्तीतल्या स्त्रियांच्या नेत्या मारिया एलेना मोयानो यांची तिने फेब्रुवारी १९९२ मध्ये हत्या केली.